पुठ्ठ्याचा आडोसा

आमच्या बिल्डिंगला लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या चौकोनात आता लोकांच्या मोडक्या सायकली, पाण्याची एक फुटकी टाकी आणि कुणाचा तरी जुना पाळणा पडलेला आहे. घर विकताना बिल्डरनं लिफ्ट येणारच म्हणून सांगितलं होतं. आम्ही चिकलठाण्यात राहायला आल्यापासून शहराचं नाव बदललं, गल्लीत दोन मोबाईलचे टॉवर उभे राहिले, लिफ्ट काही आली नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढं, आणि मोडलेल्या खुब्याच्या जागी डॉक्टरांनी स्टीलचा बसवलेला. तेव्हापासून मी खाली उतरले ती दवाखान्यापुरती, तीही खुर्चीत बसून चार जणांच्या हातांवर. 'जिवंतपणीच खांदेकरी मिळाले' असं मी एकदा म्हणाले, तर मुलाला राग आला. दोन दिवस धड बोलला नाही.

मुलगा शेंद्र्याला कारखान्यात आहे. सून करमाडच्या अलीकडं एका शाळेत शिकवते. सकाळी दोघं निघतात आणि जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालतात. आतलं लाकडी दार मला उघडता येतं, जाळीचं नाही. एकदा कंटाळून मी वॉकर घेऊन एकटीच निघाले होते. एक मजला उतरले आणि पुढं ना खाली जाता येईना ना वर. सून शाळेतून येईस्तोवर जिन्यात बसून होते. तेव्हापासून हे कुलूप आलं. मुलगा म्हणतो, "आई, कुलूप तुझ्यासाठी नाय, चोरांसाठी हाये." मी म्हणते, बरं. चोर अजून एकदाही आलेला नाही.

मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर ऐकणाऱ्याला भलतंच वाटायचं. दर रविवारी तो माझी नखं काढतो. ज्वारीचं पीठ मला बारीक लागतं म्हणून लांबच्या गिरणीत जातो. दवाखान्यात माझं सगळं त्यानं केलं, जे मुलानं आईचं करताना दोघांनाही मान वर करता येत नाही, तेसुद्धा. अशा माणसाला 'मला सोड' कसं म्हणायचं? कोंडणारा दुष्ट असला की भांडता तरी येतं.

तर लोकसभेची निवडणूक जाहीर झाली आणि मी मनातल्या मनात तयारीला लागले. मतदान केंद्र आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेत असतं. त्या दिवशी सुट्टी, म्हणजे खुर्ची उचलायला चार जण मिळतील. कोणती साडी नेसायची तेही ठरवून झालं होतं. एका संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो खुशीतच.

"आई, तुझं काम झालं. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मतदान आता घरीच. सरकार तुझ्या दारात यायलंय."

"कुणी सांगितलं त्यांना यायला?"

"मी. अर्ज दिला ना मतदार यादीवाल्या ताईकडं. तुझी सही घेतली नव्हती का मागं, हयातीच्या दाखल्यासंगं?"

माझी सही तो बोट ठेवेल तिथं होते. बँक, पेन्शन, गॅस, कशाकशावर केली आहे, देव जाणे. मी म्हटलं, मला घरी नको, मला शाळेतच जायचं आहे. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "आता नाय होत तसं. तुझं नाव टपाली मतदानाला गेलं. शाळेत गेलीस तर तिथून माघारी धाडतील. घरी कर, नायतर मग नाय."

त्याला वाटलं मी म्हातारपणाचा हट्ट करते आहे. सून म्हणाली, "आई, उन्हात लई हाल होतेत लोकांचे, तुम्हाला तर चांगलं झालं की." चांगलंच होतं. कायदा चांगला, मुलगा चांगला, सून चांगली. मी रात्री जेवले नाही.

का, ते सांगायचं तर मला मागं जावं लागेल.

माझं माहेर करमाडच्या पलीकडचं. मी जन्मले तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. मत हा शब्द होता तो फक्त 'तुझं मत काय' एवढ्यापुरता, आणि तेही बायकांना कुणी विचारत नसे. निजाम गेला, आणि पुढं काही वर्षांनी गावात नावं लिहून घ्यायला एक कारकून आला. आमच्या दारात माझ्या आईला त्यानं नाव विचारलं. परक्या पुरुषाला बाईनं आपलं नाव सांगायचं नसतं. आईनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बोट दाखवलं. कारकुनानं लिहिलं, अमकीची आई. गावातल्या निम्म्या बायका अशाच लिहिल्या गेल्या, कुणाची बायको, कुणाची आई. नंतर समजलं की असली नावं चालत नाहीत म्हणून ती सगळी गाळून टाकली. देशातल्या पहिल्या मतदानाला माझे वडील गेले, आई चुलीपाशीच राहिली.

पुढच्या खेपेला कारकून आला तेव्हा आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि तिनं आपलं नाव मोठ्यानं सांगितलं. वडील ओट्यावर बसलेले होते. ते खाली बघत राहिले. आईच्या तोंडून तिचं स्वतःचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला ते कुणा दुसऱ्याच बाईचं वाटलं.

माझं सातवीपर्यंत शिकणं झालं आणि लग्न झालं. सासर शेंद्र्याकडं. घरात बारा-तेरा माणसं आणि तीन खोल्या. आता या एकत्र कुटुंबाचे लोक फार गोडवे गातात. गाणाऱ्यांना तिथं सून म्हणून पाठवावं, असं मला वाटतं. त्या घरात मला एकटं असं कधी राहताच आलं नाही. पहाटे रानात जायचं तर पाच बायकांचा घोळका. न्हाणी म्हणजे गोणपाट बांधलेला कोपरा, आणि अंगावर दुसरा तांब्या घेईस्तोवर बाहेरून सासूबाईंची हाक. रात्री नवऱ्याशी बोलायचं तेही कुजबुजत, कारण पलीकडं कुणीतरी जागं असायचंच. रडायचं तर धुराचं निमित्त लागायचं. घरात माझं काय चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक, कधीकधी माझ्याआधी.

मग मला एकवीस पूर्ण झाली, तेव्हा मताला एकवीस लागायची, आणि मतदान आलं. सासऱ्यांनी घरच्या बायकांना गाडीत बसवलं. बैल जुंपता जुंपता सांगितलं की कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा. सासूबाईंनी वाटेत ते दोनदा वदवून घेतलं. शाळेच्या खोलीत कोपऱ्यात टेबल होतं आणि त्याला पडदा लावलेला होता. माझ्या हातात कागद दिला आणि तिकडं जा म्हणाले. मी पडद्याआड गेले.

मागं कुणी नव्हतं. मी चक्क वळून बघितलं. सासूबाई आत येतील असं वाटलं होतं, पण त्या आल्या नाहीत, त्यांना येऊ दिलं नाही. सासरे बाहेर, नवरा बाहेर. टेबलावर शिक्का, पुढ्यात कागद आणि मी. कागदावरची सगळी चित्रं मी वरून खाली एकदा निवांत बघून घेतली. मग मी शिक्का मारला.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "सांगितलेल्या चित्रावरच मारलास ना?" मी म्हटलं, "व्हय." त्यानंतर प्रत्येक मतदानानंतर त्यांनी विचारलं आणि मी व्हय म्हटलं. त्यापलीकडं आजवर कुणाला काही कळलेलं नाही, आणि या सांगण्यातूनही कळणार नाही.

त्या पडद्याआड मला पुन्हा पुन्हा जायला मिळालं. लोकसभा, विधानसभा, पंचायत. कुणाला निवडणुकीत पुढारी दिसायचे, कुणाला पैसा दिसायचा, मला तो कोपरा दिसायचा. पुढं मताचं वय अठरावर आलं. माझा मुलगा पहिलं मत देऊन आला आणि शाळेच्या फाटकातच ओरडून सगळ्यांना सांगत सुटला की त्यानं कुणाला दिलं. मला आश्चर्य वाटलं. मग लक्षात आलं, त्याला लपवायची कधी गरजच पडलेली नाही. नंतर पंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या. आमच्या जाऊबाई सरपंच झाल्या आणि खुर्चीवर दीर बसले. जाऊबाई बाहेर चहा करायच्या आणि सहीपुरत्या आत जायच्या. हक्क घरात आला की घर त्याचं असं करून टाकतं. मशीन आलं तेव्हा माझा थोडा हिरमोड झाला. शिक्क्याचा कागद घेऊन थोडं रेंगाळता यायचं, मशीनचं बटण दाबलं की ते बाहेरच्यांना ऐकू जाईल असं ओरडतं. तरीपण कोपरा होताच. पुढं शेत कारखान्यांच्या जागेत गेलं, नवरा गेला, मी या तिसऱ्या मजल्यावर आले. कोपरा इथल्या शाळेतही होता.

आणि आता तो माझ्या घरात आणून ठेवणार होते. जिथून मी त्याच्याकडं जायचे, तिथंच. मला अगदी कोंडल्यासारखं झालं.

ते लोक आले एका दुपारी, सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी. बेल वाजली. मी वॉकर धरून लाकडी दार उघडलं तर जाळीपलीकडं घामानं भिजलेली माणसं. एक मध्यम वयाची अधिकारी बाई, तिच्याबरोबर एक मदतनीस, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला. पोलिसाच्या काखेत घडी केलेला मोठा पुठ्ठा.

"आजी, मतदानाला आलो. उद्याचं ठरलं होतं, पण आज इकडचीच घरं आली. दार उघडा."

मी कुलपाकडं बोट दाखवलं. कुलूप त्यांच्या बाजूला होतं.

मुलाचा फोन कारखान्याच्या गेटवर जमा असतो. सुनेचा तासाच्या वेळी कपाटात. दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्यांकडं, आणि ते लग्नाला गावी गेलेले. अधिकारी बाईंनी दोन्ही नंबर लावून पाहिले. मी म्हटलं, "जाळीतून द्या ना कागद, मी आत करून देते."

त्या हसल्या. "तसं नाही चालत आजी. तुमच्या हातानं झालं हे आम्हाला दिसलं पाहिजे आणि काय केलं ते दिसता कामा नये. त्याला आडोसा नीट लावावा लागतो."

"मग काय करायचं?"

"पुन्हा एकदा येऊ. दिवस कळवू. पण ती शेवटची खेप बरं का. तेव्हाही नाही झालं तर मग नाही."

पोलिसानं पाणी मागितलं. भर दुपारचं ऊन, तीन मजले चढून आलेला माणूस. जाळीच्या भोकातून बोटही जात नाही, पेला कुठून जाणार. दारात आलेल्याला मी पाण्यावाचून परत पाठवलं, असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. तेवढ्यात व्हिडिओवाल्यानं पुरावा म्हणून कुलपाचं चित्रण केलं. कुलपाच्या मागं जाळीत मी. मी पदर तोंडावर घेतला. ते उतरून गेले आणि मी तिथंच स्टुलावर बसून खूप वेळ रडले. या वेळी धुराची गरज नव्हती, ऐकणारंच कुणी नव्हतं.

मुलाला फार वाईट वाटलं. त्यानं लगेच रजेचं ठरवलं. पण त्याच रात्री तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "काळजी करू नका, आपल्या घरची तीन मतं पक्की." आमच्या भावकीतला एकजण या निवडणुकीत एका उमेदवाराचं काम पाहत होता. म्हणजे माझं मत फोनवर देऊनही झालं होतं. फोन ठेवून तो माझ्यापाशी आला.

"आई, माहितीये ना कुणाला द्यायचं?"

"व्हय," मी म्हटलं.

"तुझा हात लई कापतो. मी संगं बसतो. मदतीला घरचं माणूस चालतं, विचारलंय मी."

त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली. सासरे, सासू, नवरा, कुणीही त्या पडद्याच्या आत आलं नव्हतं. आता माझा मुलगा येणार होता, माझा कापणारा हात हातात धरून, मायेनं. आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. मला पेन खरंच नीट धरता येत नाही. चहाचा कपसुद्धा मी दोन्ही हातांनी धरते. दुसऱ्या दिवसापासून ती दोघं कामावर गेली की मी पेन घेऊन जुन्या वर्तमानपत्रावर फुल्या मारायला बसू लागले. पहिल्या दिवशी फुली कुठच्या कुठं गेली. नंतर जरा जमू लागली. संध्याकाळी ती वर्तमानपत्रं मी रद्दीच्या गठ्ठ्यात तळाला घालून ठेवायचे.

ते लोक दुसऱ्यांदा आले त्या दिवशी दार सताड उघडं होतं. सुनेनं व्हिडिओत दिसेल म्हणून पलंगावर नवी चादर घातली होती. सगळ्यांना आधी पाणी दिलं, त्या पोलिसाला मी स्वतः दोनदा विचारलं. जेवायच्या टेबलावर पुठ्ठ्याची घडी उलगडून तीन बाजूंनी आडोसा उभा केला. आमच्या हॉलमध्ये एवढी माणसं झाली की वॉकर फिरवायला जागा उरली नाही. मला खुर्चीत बसवलं. मुलगा खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला.

अधिकारी बाईंनी ओळखपत्र पाहिलं, सही घेतली. मग विचारलं, "आजी, तुम्हाला कुणाची मदत लागेल का?"

"व्हय, लागते," मुलगा म्हणाला. "तिचा हात कापतो."

"मी त्यांना विचारते आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कॅमेराही चालू होता. मी म्हटलं, "नको. मी करते."

मुलगा वाकला, कानाशी आला. "आई, मत बाद होईल. मी काय परका हाये का?"

त्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते फार लागलं. खुबा मोडला तेव्हा ज्यानं मला लहान मुलासारखं उचललं, त्याचे हे हात. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हटलं, "परका असतास तर बसवलं असतं."

तो सरळ उभा राहिला. अधिकारी बाईंनी त्याला लांब थांबायला सांगितलं. लांब म्हणजे कुठं, घर ते केवढं. तो आणि सून आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. बाकीच्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बाईंनी माझी खुर्ची पुढं सरकवून दिली आणि माझं डोकं, छाती, हात सगळं त्या पुठ्ठ्याच्या आत गेलं.

आत नावं छापलेला कागद होता आणि पेन. पुठ्ठ्याला नव्या डिंकाचा वास येत होता. मी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास सोडला आणि खूण केली. जिथं करायची तिथंच झाली. रेघ वाकडी, पण चौकटीच्या आत. मी ती दोनदा नीट बघितली.

मग कागदाची घडी घातली, तो पाकिटात सरकवला, डिंकाची पट्टी बोटानं दाबली. काम संपलं होतं. उठून सांगायचं तेवढं राहिलं होतं.

मी उठले नाही. पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले. समोर पुठ्ठा, डावीकडं पुठ्ठा, उजवीकडं पुठ्ठा. पोलीस खाकरला. वरून विमान गेलं. पुढचं मतदान येईल तेव्हा मी असेन की नाही, हा हिशेब कुणीही करू शकेल.

आतल्या खोलीचं दार किंचित वाजलं.

"आई, झालं का?"

"नाय," मी म्हटलं. "अजून नाय झालं."